तिसरा फॉरमॅट

रोझ्वीता कुचेरा माणसं आधी हातांवरून ओळखायची, मग चेहऱ्यावरून. त्याला कारण होतं. बिटोम गावच्या कोळशाच्या खाणीत तिनं एकवीस वर्षं दिवाखोलीत काढली. दिवाखोलीची खिडकी म्हणजे छातीच्या उंचीवर कापलेली एक आडवी फट. दर पाळीला त्या फटीतून चारेकशे हात आत यायचे, पितळी बिल्ला ठेवायचे आणि टोपीवरचा दिवा अन् कमरेला अडकवायचा पत्र्याचा डबा उचलून निघून जायचे. त्या डब्यात गाळणी असे. खाली आग लागली आणि विषारी वायू पसरला, तर डबा तोंडाला लावून माणसानं तासभर तरी तग धरावा, एवढ्यासाठी ती सोय. डब्याचं सील शाबूत आहे की नाही हे पाहूनच तो हातात द्यायचा, हे रोझ्वीताचं काम. एकवीस वर्षांत तिच्या हातून एकही चुकीचा डबा गेला नाही.

खाण बंद पडली तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. नवरा रुफिन जर्मनीला गेला. "महिन्याभरात बोलावतो," म्हणाला होता. त्या महिन्याला आता अठरा वर्षं झाली. रोझ्वीता वाट बघत बसणाऱ्यातली नव्हती. दिवाखोलीत शेवटी शेवटी कॉम्प्युटर आला होता, आणि तो बिघडला की बाकीच्या बायका देवाचं नाव घ्यायच्या, रोझ्वीता स्क्रू ड्रायव्हर घ्यायची. तेवढ्या भांडवलावर तिनं कॉम्प्युटर दुरुस्तीचा सरकारी वर्ग पुरा केला आणि खाटकाचं एक बंद दुकान भाड्यानं घेतलं. भिंतींना पांढऱ्या फरशा तशाच राहिल्या. डुकरं टांगायच्या आकड्यांना आता वायरींची भेंडोळी लटकायला लागली.

गिऱ्हाईक बहुतेक खेळणारं. गेम अडकतो, चित्र धक्के खात पुढं जातं, नेमक्या वेळी लॅग मारतो. रोझ्वीताचं मत असं, की कॉम्प्युटरच्या दहा दुखण्यांतली सात ही साठलेल्या कचऱ्याची. तेव्हा सगळं पुसायचं, सिस्टिम नव्यानं टाकायची. फॉरमॅट मारून झाला की ती एक परीक्षा घ्यायची. पडद्यावर इथं तिथं चाळीस ठिपके उमटतात, उमटला की विझायच्या आत त्याला टिपायचा. बरं मशीन असेल तर रोझ्वीताचे चौतीस ठिपके लागायचे. फार तर तेहतीस, फार तर पस्तीस. वर्षानुवर्षं तेच. आकडा खाली आला तर मशीनमध्ये अजून काही आहे असं ती समजायची, आणि सहसा ते खरं निघायचं.

गिंटर हालामा तिच्याकडे पहिल्यांदा आला तो नोव्हेंबरात, सर्व संतांच्या सणानंतरच्या आठवड्यात. बाजारच्या चाकाच्या पिशवीत घोंगडीत गुंडाळून त्यानं मशीन आणलं होतं. वय अडुसष्ट. खाणीत सुरुंगवाला होता. तीस वर्षं सुरुंग भरले आणि दहाच्या दहा बोटं घेऊन निवृत्त झाला, याचा त्याला इतका अभिमान, की बिअरचा ग्लाससुद्धा बोटं पसरून धरायचा.

"देव यश देवो," तो दारातून म्हणाला. खाण बंद झाली तरी खाणकरी एकमेकांना असंच म्हणतात.

"देव यश देवो. एवढं कुणाला गुंडाळून आणलंय, गिंटर?"

"पेशंट आहे. सकाळी ठणठणीत असतो. संध्याकाळ झाली की मरतो."

गिंटर रणगाड्यांचा खेळ खेळायचा. पंधरा जणांची टोळी, कप्तान ऑस्त्रावाचा एक दंतवैद्य, बाकीचे कुठले कुठले. गिंटर त्यांच्यात सगळ्यात म्हातारा आणि तीन वर्षं सगळ्यात नेमबाज. आता मात्र गेला महिनाभर समोर रणगाडा दिसायचा, हा बटण दाबायचा, आणि गोळा सुटेपर्यंत हाच मेलेला असायचा.

"मी दाबतो तेव्हा ते ऐकत नाही. पोरं हसतात मला, रोझी. आजोबा म्हणतात."

"आजोबाच आहेस की."

"ते घरी. रणांगणावर नाही."

रोझ्वीतानं मशीन उघडलं, धूळ काढली, फॉरमॅट मारला. ठिपके टिपले, चौतीस. मग गिंटरला दुकानातच बसवून एक लढाई खेळायला लावली. पठ्ठ्यानं पाच रणगाडे उडवले आणि शेवटी खुर्चीतून उठून खाटकाच्या आकड्याला डोकं आपटून घेतलं.

"बघ! तुझ्या हाताला गुण आहे!" डोकं चोळत तो म्हणाला.

डिसेंबरात, संत बार्बरेचा खाणकऱ्यांचा सण झाल्यावर, तो पुन्हा दारात हजर. दोन दिवस वादळ होतं, छपरांचे पत्रे थडथडत होते, तेव्हा म्हणे मशीन घोड्यासारखं पळालं. वारा पडला आणि पुन्हा तेच रडगाणं. टोळीनं त्याला राखीव यादीत टाकलं होतं. हे सांगताना तो दुसरीकडे बघत होता.

"तुझ्या दुकानात चालतं, माझ्या घरी चालत नाही. मशीन काय माणसं बघून वागतं?"

"वीज बघून वागत असेल. घरची वायर जुनी आहे का?"

"घरच जुनं आहे. खिडक्या तेवढ्या नव्या. सप्टेंबरात बसवल्या सोसायटीनं. आता मेणबत्तीची ज्योतसुद्धा हलत नाही घरात."

त्या खिडक्यांचं कौतुक एल्फ्रीडा, त्याची बायको, सगळ्या गल्लीत सांगत होती. रोझ्वीतानंही ऐकलं होतं. तिनं वीज सांभाळणारा एक डबा दिला, दुसऱ्यांदा फॉरमॅट मारला आणि या वेळी आत एक छोटा प्रोग्रॅम टाकला. शत्रू पडद्यावर कधी आला, मशीननं तो कधी रंगवला आणि गिंटरनं बटण कधी दाबलं, या तिन्ही वेळा तो लिहून ठेवणार होता.

नाताळच्या चार दिवस आधी गिंटर तिसऱ्यांदा आला. तोंड ओढलेलं, डोळ्यांखाली काळं. फ्लू म्हणाला. स्टुलावर बसून त्यानं कोट काढला आणि रोझ्वीतानं त्या प्रोग्रॅमनं लिहिलेलं उघडलं.

मशीनची रेघ ओळंब्यासारखी सरळ होती. सकाळ असो, संध्याकाळ असो, शत्रू आला की त्याच क्षणी तो पडद्यावर. एकही ठेच नाही. दुसरी रेघ गिंटरच्या बोटाची. सकाळी ती मशीनच्या मागोमाग चालत होती, अर्ध्या सेकंदाच्याही आत. संध्याकाळी पाचनंतर मागे पडत होती. सातपर्यंत पाऊण सेकंद, कधी दीड. शनिवारी तर काही ठिकाणी बटण दाबलेलंच नव्हतं.

रोझ्वीता तो आलेख बराच वेळ बघत राहिली. मशीन मंद नव्हतं. गिंटर मंद होत होता.

तिच्या आईचं असंच झालं होतं. आधी संध्याकाळी बोटं जड व्हायची, हातातून चमचा पडायचा, आणि एका सकाळी जीभच उचलेना. डॉक्टर म्हणाले होते, मेंदूत छोटे छोटे झटके येऊन गेले, कुणाच्या लक्षात आलं नाही.

"काय निघालं?" गिंटरनं विचारलं.

तिनं त्याच्याकडे नाही, त्याच्या हातांकडे पाहिलं. फरशीच्या ओट्यावर दहा बोटं पसरलेली. या माणसाला काय सांगायचं? मशीन चांगलं आहे, तूच म्हातारा झालास? जिथं रोज तीनदा खडकाच्या भोकात बोटं घालून दारू ठासली, तिथं ही बोटं चुकली नाहीत, आणि आता खेळातल्या रणगाड्याला चुकतात?

"सिस्टिममध्ये गडबड आहे थोडी," ती म्हणाली. "परत फॉरमॅट मारते."

"म्हणजे मशीनच ना?"

"मशीनच."

गिंटरचे खांदे खाली आले. सुटल्यासारखा हसला. "एल्फ्रीडा म्हणते, तू म्हातारा झालास. सांगतो तिला आता!"

तो तिसरा फॉरमॅट. ज्या मशीनला काही झालेलं नव्हतं ते रोझ्वीतानं पुसून कोरं केलं आणि नवी सिस्टिम टाकली. पट्टी हळूहळू भरत होती, ती बघत बसली होती. ठिपक्यांची परीक्षा घेतली नाही, गरजच नव्हती. सील तुटलेला डबा आपण कुणाच्या हातात दिला नाही असं जन्मभर म्हणत आले आणि त्या दिवशी हसत हसत दिला, असं ती पुढे स्वतःलाच ऐकवायची.

आपण अगदीच गप्प बसलो नाही, असं मनाला सांगायला म्हणून तिनं नाताळानंतर बेकरीच्या रांगेत एल्फ्रीडाला गाठलं. एल्फ्रीडा गोरीगोमटी, बोलघेवडी बाई. चर्चच्या गाण्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर.

"एल्फ्रीडाबाई, गिंटरला एकदा डॉक्टरला दाखवा. हात जरा मंद वाटतात."

"हात? त्याचं सगळंच मंद झालंय. आणि माझंही. सर्व संतांपासून दोघांना फ्लू आहे. ना ताप, ना खोकला. डोकं असं ठणकतं, जणू आत कुणी लाकडं फोडतंय. परवा बहिणीकडे दोन रात्री राहिले तर सगळं उतरलं. घरी आले, परत सुरू. मी म्हटलं, फ्लू नाही हा, नवराच मानवत नाही मला!"

रांगेतल्या बायका हसल्या. रोझ्वीताही हसली. डॉक्टरची वेळ फेब्रुवारीच्या चौदा तारखेची मिळाली आहे, असं एल्फ्रीडानं सांगितलं, आणि खसखशीचा रोल घेऊन ती गेली.

जानेवारीच्या मध्यावर थंडी पडली. उणे चौदा, आणि वाऱ्याचा मागमूस नाही. गल्लीतल्या शेगड्यांचा धूर वर चढेचना. छपरांच्या खाली तो पांघरुणासारखा पसरून राहिला, डोळ्यांना झोंबायला लागला. हवा वाईट आहे असं जो तो म्हणत होता, आणि घरात शिरून दार घट्ट लावून घेत होता.

शनिवारी दुपारी गिंटरचा फोन आला. आवाज जड, घोगरा.

"रोझी, तू इथं ये. तुझ्या डोळ्यांनी बघ काय करतंय ते. इथंच मार फॉरमॅट."

ती चारला पोचली. विटांचं जुनं तीन मजली घर, खाणीनं शंभर वर्षांपूर्वी कामगारांसाठी बांधलेलं. हालामा तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर तेच बसायचं घर. एका कोपऱ्यात चूल, टेबल. दुसऱ्या कोपऱ्यात गिंटरचं मशीन. त्याच्या मागची भिंत बाथरूमची. नव्या खिडक्यांच्या काचा आतून घामेजल्या होत्या आणि त्यांच्यावरून पाणी ओघळत होतं. चुलीवर लाल कोबी शिजत होता, दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी. घर उबदार होतं. एवढ्या थंडीतून आल्यावर त्या उबेनं अंग सैल पडलं.

"कोट काढा, बसा," एल्फ्रीडा म्हणाली. तिचे गाल लालबुंद दिसत होते. "मी आंघोळ उरकते. शनिवार आहे. गरम पाण्यात बसलं की डोकं जरा थांबतं."

ती आत गेली. गॅसचा गीझर भस्‌कन पेटला आणि नळ सुरू झाला.

रोझ्वीतानं फॉरमॅट लावला. गिंटर शेजारी स्टुलावर बसला होता, भिंतीला डोकं टेकून. एरवी एवढं बोलणारा माणूस, आता एक वाक्य बोलायचा आणि दुसरं विसरायचा.

"चहा घेतेस?" त्यानं विचारलं.

"घेते."

तो उठला नाही. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "चहा घेतेस?"

पट्टी भरली. सिस्टिमनं पंचवीस अक्षरांचा क्रमांक मागितला. तो रोझ्वीताला तोंडपाठ, हजार वेळा टाकलेला. तिनं टाकला. चूक. पुन्हा टाकला. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा ती एकेक अक्षर ओठांनी पुटपुटत गेली, तेव्हा कुठे जमलं. चष्मा पुसला. कपाळाच्या दोन्ही बाजूंना कुणी अंगठे दाबून धरल्यासारखं वाटत होतं. कोबीच्या वासानं मळमळतंय, तिला वाटलं. भिंतीपलीकडे नळ चालू होता.

सवयीनं तिनं ठिपक्यांची परीक्षा लावली. ठिपका उमटायचा, ती हात हलवायची, तो विझलेला असायचा. हात पाण्यातून ओढावा तसा येत होता. शेवटी आकडा आला, एकोणीस.

एकोणीस. मशीनमध्ये काहीतरी आहे, हा पहिला विचार, कारण तीच सवय. मग त्याच्या मागून दुसरा विचार सावकाश आला, चिखलातून चालत आल्यासारखा. मशीनमध्ये काही नाही. ती रेघ तू पाहिली आहेस. दुकानात तू चौतीस आहेस आणि इथं एकोणीस. तू अडुसष्टची नाहीस. तुझ्या मेंदूला झटका आलेला नाही. एका तासात माणूस म्हातारा होत नाही.

मग दुकानात काय आहे, जे इथं नाही?

आणि तिला कमरेचा डबा आठवला. नुसता डबा. आत गाळणी. कशासाठी? ज्याला वास नाही, रंग नाही, चव नाही, त्याच्यासाठी. अर्धवट जळणाऱ्या आगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड, खाणीत त्याला ‘चाद’ म्हणायचे. दर सहा महिन्यांनी तेच शिक्षण, तेच फलक. आधी डोकं, मग मळमळ, मग पाय, मग झोप. शिकवणारा म्हणायचा, चादचं वाईट हे की माणसाला त्यात बरं वाटायला लागतं.

नळ अजून चालूच होता. केव्हापासून?

"गिंटर, खिडकी उघड!"

"कशाला? थंडी येते."

"उघड म्हणते ना!"

ती उठली आणि गुडघे वाकले. टेबलाला धरून, मग भिंतीला धरून ती खिडकीपाशी गेली. खिटी फिरवायची कुठल्या बाजूला तेच कळेना. शेवटी फिरली आणि उणे चौदाची हवा थोबाडीत मारल्यासारखी आत आली. धूरकट, कडू, कोळशाची हवा. रोझ्वीता ती घटाघटा प्यायली.

"खिडकी लाव, बाई, आजारी आहे मी," गिंटर पुटपुटला.

बाथरूमच्या दाराला आतून कडी होती. "एल्फ्रीडाबाई!" उत्तर नाही. नुसतं पाणी. रोझ्वीतानं खांदा मारला, हातात जोर नव्हता. तिनं कोबीचं बिडाचं पातेलं उचललं आणि त्याच्यासकट कडीवर कोसळली. दुसऱ्या घावाला कडी उचकटली. लाल कोबी सगळ्या भिंतीवर, तिच्या छातीवर.

एल्फ्रीडा टबाच्या कडेला मान टाकून होती. पाणी हनुवटीला लागलं होतं. चेहरा गुलाबी, निरोगी, झोपलेल्या पोरीसारखा. रोझ्वीतानं गीझरची चावी बंद केली, श्वास रोखून तिला काखेत धरलं आणि ओढलं. ओली, जड, घसरती बाई. आता गिंटर दारात उभा होता. काय चाललंय हे त्याला कळायला किती वेळ लागला कोण जाणे. त्याचे डोळे बायकोकडे लागलेले, हात पुढे येत होते, पण किती सावकाश! त्या संथपणानं रोझ्वीताला जेवढी भीती वाटली तेवढी एल्फ्रीडाच्या मिटल्या डोळ्यांची नाही वाटली.

"पाय धर तिचे! गिंटर! सुरुंग पेटलाय समज, पाय धर!"

त्यानं धरले. दोघांनी तिला जिन्यावर आणलं, फरशीवर कोटावर ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या माणसानं दार किलकिलं करून पाहिलं आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. अग्निशमन दलाचा एक माणूस विषारी वायू मोजायचा मीटर घेऊन वर चढला. मीटर दाराबाहेरच ओरडायला लागला.

धुराड्याच्या तोंडाशी छोट्या कावळ्यांचं घरटं निघालं. दोन बादल्या काड्या. जुन्या खिडक्या होत्या तोवर फटींतून हवा यायची, गीझरचा धूर कसाबसा वर निघून जायचा. नव्या खिडक्यांनी फटी बुजल्या; संध्याकाळी गीझर पेटला की धूर घरातच फिरायचा, वादळी वाऱ्यानं वर ओढला तरच बाहेर जायचा. बाथरूमच्या भिंतीत हवेची जाळी होती, पण तिच्यातून गार वारा येतो म्हणून तिच्यावर पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारलेली होती. व्यवस्थित, चारी कडांनी, एकही बुडबुडा न ठेवता. ज्यानं मारली त्याचे हात कसबी होते.

धुराडी साफ करणाऱ्या माणसानं ती पट्टी सोलताना विचारलं, "हे कुणी केलं?"

गिंटर म्हणाला, "मी."

खाणीत खाली असताना हाच माणूस दर सुरुंगाआधी हवा मोजायचा. मोजल्याशिवाय वात पेटवायची नाही, हा कायदा, आणि तीस वर्षांत त्यानं तो एकदाही मोडला नव्हता. पण जमिनीखाली माणूस हवेवर संशय घेतो. वर आला की विसरतो.

एल्फ्रीडा वाचली. अकरा दिवस दवाखान्यात होती, त्यांतले काही दाबानं प्राणवायू देण्याच्या खोलीत. घरी आली तेव्हा चालत आली, सगळ्यांना ओळखलं, जिन्यात गुणगुणलीसुद्धा. मग हळूहळू कळत गेलं. लहानपणची गाणी शब्द न शब्द येत होती, पण जेवण झालं की नाही हे तिला सांगता यायचं नाही. सूपमध्ये दोनदा, तीनदा मीठ पडायचं. बेकरीपर्यंत जायची आणि तिथं उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, यातलं काही परत येईल, काही नाही, घाई करू नका.

गिंटरची बोटं मात्र पंधरा दिवसांत पूर्ववत झाली. अगदी पहिल्यासारखी.

मार्चमध्ये तो दुकानात आला. हातात काही नव्हतं. स्टुलावर बसला.

"टोळीनं परत घेतलं मला," तो म्हणाला. "परवा खेळलो. सात रणगाडे उडवले एका संध्याकाळी. एवढे कधीच उडवले नव्हते. ती मागे बसून बघत होती. मला म्हणाली, किती छान खेळता हो तुम्ही, कुठं शिकलात?"

रोझ्वीतानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"इथं दुकानात तीन वेळा तू फॉरमॅट मारलास," गिंटर म्हणाला. "पहिला समजला. दुसरा समजला. तिसऱ्याला काय निघालं होतं?"

खोटं बोलायला जागा होती. अजूनही होती. तिनं तो आलेख उघडला आणि पडदा त्याच्याकडे फिरवला. कुठली रेघ मशीनची, कुठली बोटाची, ते दाखवलं. तारखा दाखवल्या. नाताळच्या आधीच्या.

गिंटर वाकून बघत राहिला. बोटानं रेघ कुठे मागे पडते ते चाचपलं.

"मला वाटलं, तुझ्या मेंदूला काही झालंय," ती म्हणाली. "माझ्या आईसारखं. तुझ्या तोंडावर बोलवेना."

"तू बोलली असतीस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या."

"दिल्या असत्यास."

"मशीन उचलून दुसऱ्याकडे गेलो असतो."

"गेला असतास."

"तरी बोलायला हवं होतंस, रोझी."

"हो," ती म्हणाली.

त्यानं टोपी घातली. दारापाशी त्याच्या तोंडून सवयीनं "देव यश..." एवढं निघालं आणि तो तसाच बाहेर पडला. त्यानंतर तो दुकानात आला नाही. गल्लीत दिसतो, एल्फ्रीडाचा हात धरून बेकरीपर्यंत जातो, रोझ्वीताला बघून मान हलवतो. खेळ त्यानं सोडला म्हणतात. मशीन विकलं नाही, पण लावतही नाही.

उन्हाळा गेला. ऑक्टोबरात पहिली कडक थंडी पडली आणि गल्लीतल्या शेगड्या पेटल्या. रोझ्वीता दुकान बंद करून निघाली होती. हालामांच्या इमारतीखालून जाताना तिनं सहज वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी बोटभर उघडी होती, आत दिवा होता. त्याच्या खालच्या मजल्यावरच्या काचा मात्र आतून घामेजलेल्या, आणि पाणी ओघळून चौकटीशी साचलेलं.

ती जिना चढली. दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाचं नाव इझिडोर. जानेवारीत त्यानंच रुग्णवाहिकेला फोन केला होता. दार उघडलं तेव्हा त्याच्या मागून ऊब आली.

"इझिडोर, तुमच्या बाथरूमची जाळी मोकळी आहे ना?"

"आहे की," तो म्हणाला. "तुम्ही काय, घरोघर फिरता का आता?"

"बघू का एकदा?"

"बायको आंघोळ करतेय, बाई. उद्या या." तो हसला. चांगला माणूस होता. त्याचे गाल लाल होते, नुकताच चुलीपाशी बसून उठल्यासारखे. "आणि काळजी करू नका. वरच्यांचं झालं ते घरट्यामुळं. आमचं धुराडं वेगळं आहे."

"मी थांबते इथं. त्यांचं होऊ दे."

"थंडी आत येतेय," इझिडोर म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

रोझ्वीता जिन्यात उभी राहिली. आत पाणी चालू होतं. तिनं फोन काढून हातात धरला आणि बंद दाराला कान लावला.